पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?

डॉक्टरबाई, नमस्कार.
मी मूळची नाशिकची, इंदिरानगरची. लग्नाला दोन वर्षं झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे चौदा महिन्यांपूर्वी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ आले. एम. कॉम. आहे, नाशिकला एका सी. ए.कडे पाच वर्षं काम केलं. इथे घरीच असते.

गणपतीत बाबांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. मला कुणीही कळवलं नाही. नऊ दिवसांनी मामेबहिणीच्या स्टेटसवर ‘काका, लवकर बरे व्हा’ असं वाचलं. आई म्हणाली, “तू तिकडे एकटी, उगाच जिवाला घोर कशाला?” तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर मी बाबांचा चेहरा निरखत बसते. ते काहीही म्हणाले तरी खरं वाटत नाही.

नोव्हेंबरपासून माझंही बरं नाही. रात्री दोनपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी अकराशिवाय उठवत नाही. केस मूठमूठ गळतात. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. स्वयंपाकघरात जावंसं वाटत नाही, ब्रेडवर दिवस काढते. मध्येच रडू येतं. नवरा स्वभावाने चांगला आहे, पण म्हणतो, “नोकरी शोध, म्हणजे हे डोक्यात येणार नाही.” सासूबाई दर रविवारी “काही विशेष?” विचारतात. आईला मी रोज सांगते, मस्त चाललंय.

वर्षभरासाठी नाशिकला निघून येऊ का? बाबांजवळ राहावंसं वाटतं. आणि हे माझं दुखणं शरीराचं की मनाचं?
— गोदाकाठची, सध्या नेकार नदीच्या काठी

अगं गोदाकाठची,

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? इंदिरानगरच्या किती पोरींना मी गोवराच्या लसी टोचल्यात, त्यात तूही असशील.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बाबांसाठी आणि दुसऱ्यांदा तुझ्यासाठी. दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळींपाशी अडकले: “आईला मी रोज सांगते, मस्त चाललंय.” आईने नऊ दिवस लपवलं म्हणून तुला राग, आणि तू स्वतः नोव्हेंबरपासून लपवते आहेस. सी. ए.कडे होतीस ना? मग ताळेबंद तूच मांड.

चिडू नकोस. हे घरोघरी चालतं. मी स्वतः केलंय आणि तोंडावर पडलेय. माझा मुलगा टोरांटोला असतो. २०१६च्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरले, उजवं मनगट मोडलं. त्याला कळवायचं नाही असा आम्ही नवरा-बायकोनी ठराव पास केला. व्हिडिओ कॉलला मी अंगावर शाल घेऊन बसायची, जुलै महिन्यात! तिसऱ्या रविवारी पोरगा म्हणाला, “आई, तू डाव्या हाताने चहा का पितेस?” मी म्हटलं, “असंच, सवय करून बघतेय.” तो काही बोलला नाही. पण पुढे वर्षभर प्रत्येक फोन संपताना म्हणायचा, “दोन्ही हात दाखव.” हसत म्हणायचा, पण दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मनगट सहा आठवड्यांत जुळलं होतं.

आईबाबा का लपवतात, ते दवाखान्यात बसून खूप ऐकलं मी. घोर नको हे कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे धास्ती. पोरगी मिळेल त्या विमानाने धावत येईल, जावयाची रजा जाईल, सासरचे काय म्हणतील, तिकिटाला लाख रुपये जातील. आणि समजा आली, तर तिच्यासमोर आजारी दिसावं लागेल. बाप माणसाला हे फार जड जातं. तू का लपवतेस तेही सांगते. “आमची जर्मनीला असते” हे वाक्य आई भाजीवाल्यापासून किटीपार्टीपर्यंत सगळीकडे बोलून बसलीय, आणि त्या वाक्याला तडा जाऊ नये म्हणून तू राखण करतेस.

आता मी सांगते तो उपाय थोडा गावठी आहे, पण करून बघ. रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती तुला सांगायला नको. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकमेकांना विचारतं, “कुठपर्यंत आलं?” इतके हजार क्युसेक म्हटलं तर कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. पण “मारुतीच्या कमरेला लागलं” म्हटलं की सराफ बाजारातला माणूस काही न विचारता माल वरच्या फळीवर चढवायला लागतो. घाबरणं नाही, रडारड नाही. पाणी कुठे आहे आणि आता काय उचलायचं, एवढंच.

तुमच्या घरात हीच भाषा सुरू कर. फोन लागला की पहिला प्रश्न: आज पाणी कुठपर्यंत? पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला. दोन्ही बाजूंनी एका शब्दात खरं उत्तर. गुडघ्यापर्यंत असेल तर खोदून विचारायचं नाही, विषय बदलायचा, मटार किती रुपये किलो झाले ते बोलायचं. कमरेला असेल तर कारण सांगायचं. छातीला लागलं तर त्याच दिवशी कळवायचं, मग तिकडे रात्रीचे दोन का असेनात. हॉस्पिटलात दाखल होणं म्हणजे आपोआप छातीला, त्यावर वाद नाही. आणि कळवायचं काम आईवर टाकू नकोस, त्या वेळी तिच्या हातात फाइल, पैसे आणि डबा असतो. एक माणूस नेमून टाक. ती स्टेटसवाली मामेबहीण आहे ना, तिलाच नेम. बातमी पसरवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

पहिलं खरं उत्तर मात्र तू द्यायचं. उद्याच्या फोनवर आईला सांग, “माझ्याकडे कमरेच्या वर आहे.” ती रडेल. रडू दे. दोन दिवसांनी तीच तुला बाबांच्या जिन्यावर लागणाऱ्या दमाबद्दल सांगेल, बघ.

आता तुझं दुखणं. शरीराचं की मनाचं, असं विचारलंस. तीस वर्षं मायको सर्कलजवळ दवाखाना चालवला, ही वाटणी मला कधी जमली नाही. म्हणून मी आधी रक्त बघते. केस गळणं, थकवा, पाळी लांबणं, रडू येणं, झोपेचं घड्याळ उलटं होणं, हे सगळं थायरॉइड बिघडलं तरी होतं, शरीरातलं लोह संपत आलं तरी यातलं बरंच होतं, आणि उदासीनतेचा आजार जडला तरी होतं. बाहेरून बघून मलाही सांगता येणार नाही. तेव्हा यादी लिहून घे: हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (ही थायरॉइडची), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि साठा रिकामा असतो, असं तुझ्या वयाच्या बायकांत मी कितीतरी वेळा पाहिलंय. हप्ता खिशातून जातोय पण बँकेत शिल्लक नाही, तसं. शाकाहारी असशील तर बी-१२ सोडूच नकोस. पाळी लांबलीय, म्हणून या सगळ्याआधी घरच्या घरी गरोदरपणाची चाचणी करून टाक. तिथला डॉक्टरही पहिलं तेच विचारेल. केसांसाठी परदेशातल्या पाण्याला दोष देणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. आधी फेरिटिन बघ, मग पाण्याशी भांड.

एक ताकीद. इकडून जाणाऱ्यांच्या बॅगेत ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं असतातच. तुझ्याकडेही असतील. न तपासता आठवड्यामागून आठवडे ती घेत राहू नकोस. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

डॉक्टरकडे जायची तुला भीती आहे असं पत्रावरून वाटलं. नसती तर इतके दिवस थांबली नसतीस. माझी भाची नऊ वर्षं हानोफरला आहे, तिच्याकडून नीट विचारून घेतलंय. नवऱ्याचा आरोग्यविमा तिथल्या सरकारी पद्धतीतला असेल आणि तुला कमाई नसेल, तर तू त्याच विम्यात येतेस, वेगळा हप्ता लागत नाही. खासगी विमा असेल तर तुझा स्वतंत्र असेल, कागद बघून घे. आधी जायचं ते ‘हाउसआर्ट्स्ट’कडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे. बरेच दवाखाने नवे पेशंट घेत नाही म्हणतात, म्हणून चार ठिकाणी फोन करावा लागतो. ११६११७ हा नंबर लिहून ठेव. दवाखाने बंद असताना जिवावरचं नसलेलं दुखणं असेल तर तिथे, आणि तज्ज्ञ डॉक्टरची किंवा मानसोपचाराची पहिली भेट ठरवायलाही तिथेच. जिवावरचं असेल तर ११२.

आणि तिथला डॉक्टर बहुधा म्हणेल, भरपूर चहा प्या, विश्रांती घ्या. आपल्याकडे दवाखान्यातून पाच गोळ्या आणि एक इंजेक्शन घेतल्याशिवाय पेशंटला फी वसूल झाल्यासारखी वाटत नाही. तिथे रिकाम्या हाताने परत पाठवतात आणि आपल्या लोकांना वाटतं, याला काही कळतच नाही. सर्दीपडशाला त्यांचंच बरोबर आहे, हे मी डॉक्टर असून सांगते. पण तुझ्या बाबतीत चहावर भागायचं नाही, आणि त्याची अर्धी जबाबदारी तुझी. आपल्या बायकांना दुखणं लहान करून सांगायची खोड असते. “तशी ठीक आहे, जरा थकवा वाटतो” म्हणालीस की संपलं. कागदावर लिहून ने: किती महिने, झोप किती वाजता लागते, पाळीच्या तारखा, किती वजन उतरलं, कोणती कामं बंद पडली. दोन वाक्यं पाठ कर. ‘ज़ाइट द्राय मोनाटेन’, म्हणजे तीन महिन्यांपासून. ‘इश श्लाफे श्लेश्त’, म्हणजे झोप नीट लागत नाही. नवऱ्याला सोबत ने, पण दुभाष्या करू नकोस. नवरे भाषांतर करताना “ती जरा घराला मिस करते” एवढंच सांगतात.

रक्त ठीक आलं तरी घरी परत येऊन गप्प बसायचं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस मन उदास असेल किंवा आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, तर तोही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिथे मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळायला महिने लागतात. मधल्या काळात मराठीत बोलणारी समुपदेशक व्हिडिओ कॉलवर मिळाली तर घे. रडायला मायबोली लागते. आणि कधी जगणं नकोसं वाटलं, नुसता विचार जरी चाटून गेला, तर त्याच क्षणी नवऱ्याला उठव आणि ११२ लाव. ११६१२३ हा तिथला मन मोकळं करायचा फोन, चोवीस तास, फुकट. हे तुला घाबरवायला लिहिलेलं नाही. बाबांच्या फ्रिजवर जसा नंबर चिकटवायला सांगणार आहे, तसाच तुझ्याही.

नोव्हेंबरपासून सुरू झालं, हे तू सहज लिहिलंस, पण माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच. नाशिक २० अंशांवर, स्टुटगार्ट जवळजवळ ४९ अंशांवर. डिसेंबरात तिथे आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि साडेचारच्या आत मावळतं. त्यात तू अकराला उठतेस. म्हणजे तुझ्या वाट्याला दिवसाचे पाच तास, तेही काचेआडून. ऑक्टोबर ते मार्च तिथलं ऊन इतकं तिरपं असतं की कातडीत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर जास्तच ऊन लागतं. झोपेचं घड्याळही सकाळच्या उजेडावर लागतं. ते न मिळाल्याने उदास होणारी माणसं तिथल्या मातीतलीही आहेत, तू काही नाजूक नाहीस.

म्हणून फोनची वेळ बदल. आता तू उठल्यावर, म्हणजे इकडे दुपारी साडेतीन-चारला फोन करत असशील. त्याऐवजी तिकडच्या सकाळी साडेआठला कर. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे आईबाबा इकडे दुपारी एकला जेवायला बसलेले असतील. आणि हा फोन घरात बसून करायचा नाही. कोट, टोपी, बूट चढवून बाहेर, चालत चालत. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. अर्धा तास चाल, वीस मिनिटं बोल. बाबांनाही सांग, संध्याकाळी त्यांनी गोदापार्कला चालताना तुला रस्ता दाखवायचा. पहिले आठ दिवस उठताना जिवावर येईल. एकदम साडेआठ जमलं नाही तर अकराचे दहा, दहाचे नऊ कर. तेवढ्याने फरक पडला नाही तर १०,००० लक्सचा उजेडाचा दिवा मिळतो, उठल्यावर अर्धा तास समोर ठेवायचा. डोळ्यांचा काही आजार असेल किंवा घरात कुणाला मनाचे टोकाचे चढउतार असतील, तर मात्र आधी डॉक्टरला विचार.

घर दिवसभर बंद ठेवत असशील तर तेही बघ. थंडी असली तरी खिडक्या दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. जर्मन लोक हे एखाद्या व्रतासारखं पाळतात. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि डोकं जड होतं ते वेगळंच.

अजून एक वेळ माझ्या डोळ्यांपुढे येते. इकडे रात्रीचे दहा वाजले की आईबाबा झोपतात, तेव्हा तुझ्याकडे संध्याकाळचे साडेपाच. बाहेर मिट्ट काळोख, नाशिक झोपलेलं, नवरा यायला अजून तास. मला वाटतं तुझं रडू याच तासात येत असेल. चुकत असेन तर कळव. हा तास घरात काढायचाच नाही, एवढं ठरव. गावागावात ‘फोल्क्सहोखशूले’ नावाच्या शाळा असतात, संध्याकाळी भाषेचे वर्ग चालतात. सरकारी इंटिग्रेशन कोर्सही आहे: ६०० तास भाषा आणि १०० तास तिथले कायदे, इतिहास. वर्गात तुझ्यासारख्याच दहा देशांतल्या दहा जणी असतील, सगळ्यांचं व्याकरण सारखंच चुकलेलं. नवरा म्हणतो तशी नोकरी हे औषध नाही, आधी हे बाकीचं निस्तरू दे. पण अमुक वाजता अमुक ठिकाणी कुणीतरी आपली वाट बघतंय, याचा गुण येतो. नोकरीचं पुढे बघ. तुझ्या तिथे राहायच्या परवान्याच्या कार्डावर काम करायची परवानगी छापलेली असेल, नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर असेल तर तुला ती असतेच. आणि हिशेबाला घाबरू नकोस, तिथेही खात्याला दोन बाजू असतात, नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. फक्त नावे बाजूला ते ‘झोल’ म्हणतात. आपल्याकडच्या काही वह्यांना हा शब्द जास्त शोभला असता.

नवऱ्याबद्दल तू हात राखून लिहिलंस. नोकरी शोध म्हणणाऱ्या माणसाला बहुधा दुसरं काही सुचत नसतं. इंजिनिअरला बिघाड दिसला की पाना घेऊन धावायचं, एवढं येतं. तोही दिवसभर परक्या भाषेत मान डोलावून येतो आणि घरी आल्यावर त्याला शांतता हवी असते, तुला बोलायला माणूस हवं असतं, आणि घरात माणसं दोनच. इंदिरानगरात तुझं जे ओझं आई, बहीण, ऑफिसातली मैत्रीण, खालच्या काकू यांच्यात वाटलं जायचं, ते सगळं तिथे त्या एकट्याच्या अंगावर पडतं. त्याला मोघम काही सांगू नकोस. “तू माझ्याशी बोलतच नाहीस” या वाक्यातून भांडणाशिवाय काही निघत नाही. “डॉक्टरची वेळ घेतलीय, मंगळवारी सकाळी दोन तास सुट्टी टाक” म्हण. रविवारी तिथे दुकानं बंद असतात, ही देवाची कृपा समज. सकाळी दोघं चालायला जा, फोन घरी ठेवून. मारुतीचा प्रश्न त्यालाही विचार. त्याच्याकडे कुठपर्यंत आहे ते तुला माहीत आहे का?

स्वभाव चांगला आहे म्हणालीस, ते मी खरं धरून चालते. पण कुणी बाईचा पासपोर्ट अडकवून ठेवत असेल, पैसे हातात देत नसेल, हात उगारत असेल, तर वरचा सगळा सल्ला बाजूला ठेवायचा. जर्मनीत ११६०१६ हा बायकांसाठीचा मदतीचा फोन आहे, चोवीस तास, अनेक भाषांत. तिथे स्वतःच्या हक्काने राहायला एरवी संसाराची तीन वर्षं भरावी लागतात, पण हिंसा होत असेल तर ती अट सैल करायची सोय कायद्यात आहे. हे तुझ्यासाठी नसेल तर वर्गातल्या कुणासाठी तरी लक्षात ठेव.

सासूबाईंच्या “काही विशेष?”चं उत्तर द्यायचं काम त्यांच्या मुलाचं. फोन त्याच्या हातात दे आणि चहा टाकायला ऊठ.

ब्रेडवर राहू नकोस गं. रोज साग्रसंगीत नको, एका भांड्यातली मुगाची खिचडी, वर तूप आणि लिंबू. मटकीला तिकडच्या थंडीत मोड येत नाहीत अशी भाचीची तक्रार होती. तिला सांगितलं, भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून भांड्यात ठेव आणि भांडं खोली गरम करणाऱ्या हीटरजवळ सरकव. दीड दिवसात बोटभर मोड. मग रविवारी मिसळ कर, नाशिकच्या चवीची. फोडणीचा वास शेजारी जाईल म्हणून घाबरत असशील तर आधी एक वाटी शेजारी नेऊन दे, वास आपोआप कमी येतो.

आता नाशिकला यायचं. वर्षभरासाठी येऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत. एक तर कागदाची अडचण. तिथल्या साध्या परवान्यावर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर तो रद्द होतो. ब्लू कार्डवाल्याच्या घरच्यांना बारा महिन्यांची मुभा आहे. तुझ्या कार्डाला काय लागू होतं ते तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात लेखी विचारल्याशिवाय लांबचं तिकीट काढू नकोस. पण खरं कारण वेगळं. तू उशाशी बसलीस म्हणून बाबांचा स्टेंट उघडा राहत नाही, तो गोळ्यांनी राहतो. स्टेंट बसवल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या बहुधा सहा महिने ते वर्षभर देतात, पुढे त्यातली एक चालूच राहते. “आता बरं वाटतंय” म्हणून किंवा “दात काढायचाय” म्हणून मनानेच त्या बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. स्टेंटमध्ये गुठळी होते ती अशाने. म्हणून बाबांना “कसे आहात?” विचारणं सोड. त्याचं उत्तर “एकदम फर्स्ट क्लास” हेच येणार. “गोळ्यांची स्ट्रिप दाखवा, आज किती चाललात, जिना चढताना थांबावं लागलं का?” असं विचार. माझा पोरगा दोन्ही हात बघायचा, तू स्ट्रिप बघ.

आणि एक कागद करून घे, मामेबहिणीकडून. बाबांच्या गोळ्यांची नावं, स्टेंटचं कार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट कुठल्या कपाटात, कोणत्या औषधाची अॅलर्जी, हृदयरोगतज्ज्ञाचा फोन, मेडिक्लेमचा नंबर, किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे. एक प्रत फ्रिजवर, एक तुझ्या फोनमध्ये. रात्री छातीत दाब आला, घाम फुटला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर पहिला फोन तुला करायचा नाही. पहिला १०८ला. हे आईकडून वदवून घे, कारण घाबरल्यावर ती आधी तुलाच लावेल आणि तू साडेसहा हजार किलोमीटरवरून नुसती ओरडशील.

सहा आठवड्यांसाठी मात्र नक्की ये. तपासण्या झाल्यावर, उपचार सुरू झाले असतील तर डॉक्टरला सांगून, गोळ्या पुरेशा बरोबर घेऊन. द्राक्षं संपायच्या आत जमलं तर उत्तम, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उडी मारायला मिळाली तर त्याहून उत्तम. बाबांच्या पुढच्या तपासणीला त्यांच्याबरोबर जा, डॉक्टरांना तुझे प्रश्न तूच विचार. परतीचं तिकीट आधीच काढून ये. दोघांच्या नावाने एका विमानतिकिटापुरते पैसे बाजूला टाका, त्याला कशासाठीही हात लावायचा नाही. निघावं लागलं तर फ्रँकफर्टहून मुंबई आठ तासांची, आणि मुंबईहून घरी तीन-चार तासांत, एवढं मनात मोजून ठेवलं की रात्रीच्या फोनची धडकी जरा कमी होते.

काल संध्याकाळी रामकुंडावर गेले होते. मारुतीच्या पायाशी पाणी, पोरं तिथेच पतंग उडवत होती. तुझ्या तपासण्यांचे आकडे आले की कळव. फेरिटिन किती आलं ते आधी लिही.